टोपलीला हात लावायचा नाही

आमच्या कॉलेजचा वार्षिक अहवाल दर वर्षी एकाच वाक्याने सुरू व्हायचा: "सरत्या वर्षात महाविद्यालयाने अध्यापन, संशोधन आणि परिसर जीवन या तिन्ही आघाड्यांवर लक्षणीय प्रगती साधली आहे." स्नेहसंमेलनात प्राचार्य तो वाचायला उभे राहिले की मागच्या रांगेतली मुलं मध्येच टाळ्या पिटायची. टाळ्या पिटल्या की वाचन लवकर आटपतं, असा त्यांचा समज होता. मी त्या मांडवात विद्यार्थिनी म्हणून बसले आणि पुढे त्याच कॉलेजात नोकरीला लागले तेव्हा तो अहवाल लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. म्हणून मी अधिकाराने सांगते. त्या लक्षणीय प्रगतीत जिचा सगळ्यात मोठा वाटा होता, त्या बाईचं नाव कित्येक वर्षं एकाही अहवालात आलं नव्हतं.

त्यांचं नाव बेबीबाई जगन राठोड. मुलींच्या वसतिगृहाच्या परिचर. कागदावर 'परिचर' एवढंच, पण स्वयंपाक, झाडलोट, राखण, आमची दुखणीखुपणी आणि आमच्यावर ओरडणं, सगळं त्यांच्याच अंगावर होतं. त्यांचा नवरा जगन रात्रीचा राखणदार होता. म्हणजे रात्रभर तो झोपायचा आणि राखण बेबीबाई करायच्या.

कॉलेज डोंगरकड्याच्या पुढे, माळावर. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो आणि परभणीला आमची आठवण निवडणुकीपुरती यायची. मी आखाडा बाळापूरची. माझे वडील अजीज नालबंद, बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे. मी कॉलेजात जाते म्हटल्यावर नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. वडील म्हणाले, जायचं तर जा, पण रोज जीपच्या मागे लोंबकळत जाणार नाहीस, तिथेच राहायचं. म्हणून मी वसतिगृहात आले. पाच खोल्या, वर पत्रे, पुढे लांब व्हरांडा आणि अंगणात एक कडुनिंब. आम्ही पंधरा-सोळा मुली होतो. निम्म्याहून जास्त आसपासच्या बंजारा तांड्यांवरच्या, बाकीच्या माझ्यासारख्या इकडून तिकडून गोळा झालेल्या.

बेबीबाई दिसल्या की लांबूनच ओळखू यायच्या. भिंगांची कांचळी म्हणजे आरसे लावलेली चोळी, घेरदार घागरा, डोक्यावर ओढणी आणि दंडापर्यंत बांगड्या. एकदा प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, की बाहेरची माणसं येतात, तेव्हा कर्मचाऱ्यांनी साडीत असावं. बेबीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्याच कापडात मला कामावर ठेवलं ना सर? कापड बदललं तर बाई बी बदला. बघा दुसरी, पहाटं चारला चूल पेटवणारी." प्राचार्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला त्या दिवशी त्या बाईचा भारी अभिमान वाटला. आमच्यापैकी कोणीच प्राचार्यांना उलट उत्तर देण्याची छाती केली नव्हती.

आता तीजेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. तांड्यावरच्या बिनलग्नाच्या मुली श्रावणात छोट्या टोपल्यांत वारुळाची माती आणि शेळ्यांचं खत घालून गहू पेरतात. नऊ दिवस गाणी म्हणत सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात. नवव्या दिवशी ते हिरवे कोंब उपटायचे, याला तीज मोडणं म्हणतात. मग ते कोंब मुली आपल्या वडीलधाऱ्यांच्या पागोट्यात खोवतात. बेबीबाईंच्या तांड्यात त्याला आणखी एक जोड होती. मुलगी ज्याच्या डोक्यावर तीज खोवेल, त्याच्याकडे ती एक गोष्ट मागू शकते आणि त्याने त्या दिवशी नाही म्हणायचं नाही. एका मुलीने एकाच माणसाकडे एकदाच मागायचं. बहुतेक जणी बांगड्या मागायच्या, नाहीतर जत्रेला जायची परवानगी.

हे सगळं गोड आहे, पण आमच्या वसतिगृहाच्या मुळावर आलेलं होतं. श्रावण लागला की तांड्यावरच्या मुली तीजेसाठी घरी जायच्या. तिथे पाहुणे जमलेले, सोयरिकीच्या गोष्टी निघालेल्या. दोघी-तिघींचं तिथेच ठरायचं आणि त्या परत यायच्याच नाहीत. मग अहवालात ओळ यायची: "वसतिगृहास विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प." मी एकदा ती ओळ बेबीबाईंना वाचून दाखवली. त्या भाकरी थापत होत्या. "परतिसाद अल्प? पोरी गेल्या कुठं, काहून गेल्या, कोनी इचारलं का त्यांना?" आणि पुढची भाकरी त्यांनी अशी आपटली की तवा चुलीवरून सरकला.

अठ्ठ्याण्णव साली दोन गोष्टी एकदमच अंगावर आल्या. विद्यापीठाची पाहणी समिती येणार असं पत्र आलं. ती वर्षभराची प्रगती तपासणार होती आणि वसतिगृहाचंही ठरवणार होती. मुली दिसल्या तर मान्यता राहील, नाही दिसल्या तर मान्यता जाईल आणि त्या खोल्यांत संगणक बसतील. संस्थेचे अध्यक्ष अमृतराव देशमुख यांना संगणकांचीच घाई होती. संगणक नव्हते, पण खोल्या हव्या होत्या. आणि समितीची तारीख पडली ती नेमकी तीजेच्या नऊ दिवसांत.

त्याच आठवड्यात बेबीबाईंच्या तांड्याचे नायक किसनसिंग यांनी निरोप धाडला; आसपासच्या तांड्यांतही त्यांचा शब्द चालायचा. बेबीबाईंची मुलगी रुपा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, माझ्याच खोलीत. निरोप असा होता, की रुपासकट सगळ्या पोरी तीजेला तांड्यात आल्या पाहिजेत. जी येणार नाही तिचं कॉलेज बंद.

रुपा रडायला लागली. बेबीबाईंनी तिला रडू दिलं नाही. "उठ. नायकाकडं जाऊ. आलिया, तू बी चल."

"मी कशाला?"

"मी बोलून राहिले त्याला बाहेरचा साक्षीदार पायजे. घरातल्या लोकांना मागून काही याद ऱ्हात न्हाई."

तांडा चालत जाण्याच्या अंतरावर होता. किसनसिंग नायक लिंबाखाली बाजेवर बसले होते, लाल पागोटं, पांढऱ्या मिशा. बोलणं गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, झालं. रुपा माझ्या कानात सांगत होती, ते मी आपल्या भाषेत सांगते. बेबीबाई म्हणाल्या, यंदा तीज हॉस्टेलात बसवायची, परवानगी द्या. नायक उडालेच.

"तांडा सोडून तीज? कुठं ऐकलं हाय का कोनी?"

"तुमच्या आज्यांनी ऐकलंय," बेबीबाई म्हणाल्या. "आपले लोक बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, तवा तांडा काय एका जागी खुंटीला बांधला होता? पावसाळ्यात जिथं मुक्काम पडायचा, तिथंच पोरी तीज पेरायच्या. आता पोरींचा मुक्काम हॉस्टेलात हाय. मंग तीज कुठं बसवायची, तुमीच सांगा."

बाजूला बसलेले म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. मला आठवतं, मी मनातल्या मनात टाळी वाजवली होती. शेवटी नायक म्हणाले, "बसवा. पन तीज मोडायला आमी सगळे तिथं येऊ. आन नऊ दिवस टोपलीला परक्याचा हात लागता कामा न्हाई. लागला, तर तीज बाटली. त्याच दिवशी पोरी तांड्यात परत. पुन्हा कॉलेजाचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," बेबीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात टोपल्या मांडल्या गेल्या. बेबीबाईंनी आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला, "लगीन झालं न्हाई ना? मंग घे टोपली." मी म्हटलं, मी तांड्याची नाही. "पन हॉस्टेलाची हायेस ना? जिच्या हातानं पेरलं, तिला परकी कोन म्हनतं?" मग मी पण वारुळाची माती चाळली, गहू भिजवले, पेरले. गाण्यांचे शब्द कळत नव्हते, तरी सूर धरायला शिकले. रुपाने मला मागण्याचा नियम सांगितला तेव्हा तर मी जास्तच मन लावून पाणी घालायला लागले. मला सायकल हवी होती. वडिलांना तीज मोडायच्या दिवशी बोलवायचं, त्यांच्या टोपीत कोंब खोवायचा आणि सगळ्यांदेखत सायकल मागायची, असा माझा बेत पक्का झाला. रात्रंदिवस मला ती सायकलच दिसत होती, काळी, पुढे टोपली असलेली.

बेबीबाई मात्र टोपल्यांना हात लावत नव्हत्या. लग्न झालेलीला तो मान नाही. दूर खांबाला टेकून उभ्या राहायच्या आणि कोणाचं पाणी जास्त झालं, कोणाचं कमी, ते ओरडून सांगायच्या. एका संध्याकाळी मी विचारलं, तुमच्या तीजेला तुम्ही काय मागितलं होतं?

"मी?" त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मी पेरली होती. कोंब वर यायच्या आत माझं लगीन लावून देलं. टोपली तशीच ऱ्हायली. बारा वर्साची असंन मी. कोनाला काय मागनार?" आणि लगेच गरजल्या, "शिले, पानी आवर, गहू सडवतीस का!"

समिती येण्याच्या आदल्या दिवशी प्राचार्य वसतिगृह बघायला आले आणि टोपल्या बघून त्यांचा चेहरा पडला. "हे काय चाललंय? उद्या समिती येतेय आणि इथे पूजाअर्चा? उचला हे सगळं."

"जागचं हलवता येत न्हाई सर."

"मग झाका!"

"उजेड न्हाई मिळाला तर मरंल ते."

प्राचार्य कपाळाला हात लावून निघून गेले. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता. आमच्या भागात चांगल्या कामाचं जेवढं वाटोळं वाईट माणसांनी केलं, त्याहून जास्त घाबरटांनी केलं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तीन साहेब, एक पांढरी गाडी. समितीचे प्रमुख वनस्पतिशास्त्राचे मोठे प्राध्यापक होते, उंच, टापटीप, बुटाला धूळ लागली की थांबून झटकणारे. त्यांनी वर्ग पाहिले, ग्रंथालय पाहिलं. संशोधनाची माहिती मागितली तेव्हा प्राचार्यांनी सांगितलं, की आपण स्वतः एका चर्चासत्राला उपस्थित होतो. प्रमुखांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. तशा पडलेल्या तोंडाने सगळे वसतिगृहात आले.

आम्ही सगळ्या मुली व्हरांड्यात उभ्या होतो. एकही गैरहजर नव्हती, तीज होती म्हणून. प्रमुखांची नजर आमच्यावरून सरकून टोपल्यांवर गेली आणि तिथेच थांबली. सहा दिवसांचे कोंब होते, पोपटी, एकसारखे, ओळीने मांडलेले.

"हे काय आहे?"

प्राचार्यांच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. ते घाईघाईने म्हणाले, "प्रयोग आहे सर. गव्हाच्या अंकुरणावर सावलीचा परिणाम. मुलींनी हाती घेतलेलं संशोधन."

मला हसू फुटणार होतं, रुपाने माझ्या हाताला चिमटा काढला. प्रमुखांचा चेहरा मात्र एकदम उजळला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना काही आवडलं होतं. ते चक्क खाली बसले. "माती कोणती वापरलीत?"

रुपा पुटपुटली, "वारुळाची."

"वा! खत?"

"शेळीचं."

"अस्सं! पाहिलंत, ग्रामीण भागात किती स्वतंत्र विचार आहे," ते सोबतच्या दोघांना म्हणाले. एकाने वहीत टिपलं. प्राचार्य असे फुलले होते की आमची मान्यता आता दहा वर्षं कुठे जात नव्हती. मी तिथे उभी होते, मला दिसत होतं. कोणी काही बोललं नसतं तर सगळं बिनबोभाट पार पडलं असतं.

आणि प्रमुख म्हणाले, "मुळांची लांबी किती झाली बघू." त्यांनी कोंब उपटायला रुपाच्या टोपलीकडे हात नेला.

बेबीबाई खांबापाशी होत्या. त्या कधी पुढे आल्या कळलंच नाही. बांगड्यांचा खणखणाट झाला आणि साहेबांचं मनगट त्यांच्या मुठीत होतं.

"हात लावू नका सायेब."

सगळे गार पडले. प्राचार्य ओरडले, "बेबीबाई! बाजूला व्हा! साहेब प्रयोग बघतायत!"

"परयोग न्हाई तो," बेबीबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू गेला. "आमची तीज हाय. सर खोटं बोलून राहिले. तुमाला बघायचं तर मन भरून बघा, बसायला चटई देते, चहा देते. पन हात लावायचा न्हाई. तुमचा हात लागला तर ह्या पोरी उद्या हितं नसतीन."

त्यांनी मनगट सोडलं. साहेब उभे राहिले. त्यांनी रुमालाने मनगट पुसलं. ते पुसणं मी विसरलेले नाही. ते तडक गाडीत जाऊन बसले. चहाचे कप तसेच राहिले.

संध्याकाळी अमृतराव देशमुख आले. सोबत प्राचार्य. आमची सगळ्यांची वरात अंगणात. अमृतराव दांडगा माणूस, पण तांड्याची मतं त्यांना लागायची, म्हणून तोंडात साखर ठेवून बोलायचे.

"बेबीबाई, काय केलंस हे? विद्यापीठाच्या माणसाचा हात धरतेस? फोन आला होता. तुझ्याकडून माफी पाहिजे त्यांना. समोरासमोर. तीज मोडली की दुसऱ्या दिवशी माझ्या जीपमध्ये बसायचं, विद्यापीठात जायचं, चुकलं म्हणायचं. मग वसतिगृह राहील."

"आन न्हाई म्हनलं तर?"

"तर कुलूप. संगणक येऊन पडतील."

बेबीबाईंनी ओढणी सावरली. मग म्हणाल्या, "माफी मागाया मला लाज न्हाई दादा. सकाळी भाजी खारट झाली तवा ह्या लेकरांची मागितली, इचारा. पन चूक काय ती सांगा. पोरींच्या टोपलीला हात लावू दिला न्हाई, ही चूक? का सरांचं खोटं चालू दिलं न्हाई, ही चूक?"

"अगं, तोंडदेखलं म्हणायचं! कोणाला काय तकलीफ आहे?"

"मला हाय. तोंडदेखलं म्हनलं की पोरी बघतीन. मंग उद्या त्या बी तोंडदेखल्या जगतीन. मी न्हाई म्हननार. मला कामावरून काढा, हॉस्टेल ठेवा."

"त्यांना माणूस काढून नको, माफी पाहिजे."

"तर मंग न्हाई."

अमृतराव उठून गेले. आम्ही सगळ्याजणी बेबीबाईंच्या भोवती जमलो. खोटं कशाला सांगू, आम्ही त्यांना विनवलं. शिला तर पाया पडली. एक शब्द म्हणून टाका, आमची वर्षं वाया जातील. रुपा नुसती आईकडे बघत राहिली. बेबीबाईंनी सगळ्यांचं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमी घाबरल्या, बराबर हाय. मी बी घाबरले. पन घाबरून बी न्हाईच म्हनते मी." आणि चूल पेटवायला गेल्या. मला त्यांचा राग आला. त्या रागात मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीला पाणी घालताना माझी सायकल मला पहिल्यांदा दिसली नाही.

नववा दिवस उजाडला. तांडा आला. नगारा वाजवत, गात, बाया, पोरं, म्हातारे, सगळा माळ भरून गेला. किसनसिंग नायक पुढे. माझे वडील बाळापूरहून आले, धुतलेली पांढरी टोपी घालून. मीच त्यांना निरोप पाठवून बोलावलं होतं. अमृतरावही आले, फेटा बांधून. एवढी मतं एका जागी जमलेली असताना ते न येते तरच नवल. त्यांना नायकाशेजारी खुर्ची दिली.

नायकाने टोपल्या एकेक करून पाहिल्या. "कोनाचा हात?"

"न्हाई लागला," बेबीबाई म्हणाल्या.

"खरं हाय," रुपा म्हणाली, "लागनार होता. आईनं लागू दिला न्हाई." आणि भर माळावर तिने सगळी हकिकत सांगितली, समितीची, मनगटाची, माफीचीसुद्धा. अमृतराव खुर्चीत चुळबुळ करायला लागले. तांड्यातली कुजबुज वाढली. बेबीबाई रुपाला दटावत होत्या, "गप, सनाच्या दिशी भांडन नको."

तीज मोडली. मुलींनी कोंब उपटले, गाणं टिपेला गेलं. रुपाने नायकाच्या पागोट्यात तीज खोवली आणि मागितलं, शिक्षण पुरं होईपर्यंत माझी सोयरीक करायची नाही. नायक मिशीतल्या मिशीत हसले आणि हो म्हणाले. बेबीबाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

माझी पाळी आली. वडील मान पुढे करून तयार होते. त्यांना सायकलीचा अंदाज आला असावा, घरून निघतानाच जरा धास्तावलेले दिसत होते. माझ्या मुठीत ओले कोंब होते. मी वडिलांसमोर थांबले आणि पुढे गेले. अमृतरावांच्या खुर्चीसमोर उभी राहिले.

"हे काय? मी काही तांड्याचा नाही," अमृतराव म्हणाले. "आणि ही तर आपल्या नालबंदाची पोरगी. हिचा काय संबंध तीजेशी?"

मी नायकाकडे बघितलं. सगळा माळ नायकाकडे बघत होता. किसनसिंग म्हणाले, "टोपली कोनाची?"

"माझी."

"पानी कोनी घातलं?"

"मी."

"मंग तीज बी तिचीच. देसमुक, मान खाली करा."

अमृतरावांनी मान खाली केली. दुसरं करणार काय? मी त्यांच्या फेट्यात कोंब खोवले. माझा आवाज थरथरला नाही, याची मला आजही ऐट आहे. मी म्हटलं, "वसतिगृह चालू राहील. बेबीबाई राहतील. माफी कोणी मागणार नाही."

"ह्या तीन गोष्टी झाल्या."

"एकच आहे," मी म्हटलं.

नगारा थांबला होता. हिरवे कोंब फेट्यात घेऊन अमृतराव माळभर पसरलेल्या माणसांकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला एकदा आपादमस्तक पाहिलं, खो खो हसले आणि म्हणाले, "दिलं!" विद्यापीठाशी त्यांनी पुढे काय आणि कसं निस्तरलं, ते त्यांनाच ठाऊक. मान्यता राहिली. माफीचा विषय पुन्हा निघाला नाही. ज्याला सगळं निस्तरता येत होतं, तो तीन दिवस एका बाईची मान खाली करायला का बसला होता, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी अमृतरावांना शेवटपर्यंत विचारत राहिले.

गर्दी पांगली तेव्हा बेबीबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता जवळ घेतील. त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"सायकल गेली ना, येडे!"

आणि मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून त्या रडल्या. मला कधी माहीतच नव्हतं, की त्यांना सायकलीचं माहीत आहे. माझ्या हातात चार कोंब उरले होते. मी ते त्यांच्या ओढणीखाली, केसांत खोवले. त्या मागे सरकल्या, "अगं, बायांना खोवत न्हाईत." मी म्हटलं, आता खोवलंय. मागायचं माझं संपलं होतं, म्हणून मी काही मागितलं नाही.

त्या वर्षीच्या अहवालात वसतिगृहाबद्दल होतं, "विद्यार्थिनींचा प्रतिसाद उत्साहवर्धक." बस्स. बेबीबाईंचं नाव नाही. त्यानंतर दर श्रावणात तीज वसतिगृहातच बसली आणि दर वर्षी तांड्यावरच्या मुली वाढत गेल्या. रुपा बी.एस्सी. झाली, सेनगावकडे शाळेत शिकवायला लागली आणि मग तिने स्वतः पसंत केलेल्या मुलाशी लग्न केलं. मी मराठी शिकवायला त्याच कॉलेजात परत आले. सायकल मी स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतली, काळी, पुढे टोपली असलेली.

दोन हजार पाचमध्ये कॉलेजच्या मूल्यांकनाची तयारी सुरू झाली. नवे प्राचार्य होते, हुशार, घाबरट नसलेले, पण गुणांच्या मागे लागलेले. अहवालाचा माझा मसुदा बघून ते म्हणाले, "मॅडम, तीज तुम्ही परिसर जीवनात टाकलीत. संशोधनात टाका ना. भटक्या समाजाच्या पारंपरिक अंकुरण पद्धतीचा अभ्यास. संशोधनाचे गुण तिप्पट आहेत. तुमचंच नाव लावू."

मी एक दिवस मागून घेतला आणि वसतिगृहात गेले. बेबीबाईंची निवृत्ती जवळ आली होती, डोकं पांढरं झालं होतं, कांचळी-घागरा तोच. चुलीच्या जागी आता गॅस होता, आणि त्याच्यावरही त्या ओरडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. गुण किती मिळतील तेही सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"म्हंजे पुन्हा परयोग?"

"हो."

"आन तू काय म्हनलीस?"

"अजून काही म्हटलं नाही."

बेबीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. बांगड्या वाजल्या. थोड्या वेळाने सोडलं आणि भाकरी उलटायला वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल पुरा करून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. संशोधनाखाली लिहिलं होतं: "यंदा काही झालेलं नाही." परिसर जीवनाखाली लिहिलं होतं: "मुलींच्या वसतिगृहात तीज बसते. ती तिथे बेबीबाई जगन राठोड यांनी बसवली आणि राखली." प्राचार्यांनी पेन उघडून ती ओळ खोडायला हात पुढे केला, आणि मी त्या कागदावर माझा हात ठेवला.